बिननावाचं बटण

आईवडिलांनी माझं नाव प्रशांत ठेवलं, बारशाला पेढे वाटून. विमलमावशींनी बटण ठेवलं, साधी गूळ-खोबऱ्याची वाटीही न फिरवता. आता पंचेचाळिशीला टेकल्यावर मागं वळून बघतो तर प्रशांतनं काय दिवे लावले ते चटकन आठवत नाही. बटणानं मात्र एक काम बरं केलं. तेही दाबल्यावर.

मी लोणावळ्यात वेबसाइट बनवतो. गिऱ्हाइकांनाही बनवतो असं माझी बायको म्हणते, पण ते जाऊ द्या. बाजारात एका चिक्कीच्या दुकानावर माझी खोली आहे. दिवसभर खालून गुळाच्या पाकाचा वास येतो आणि जिना चढून आलेला प्रत्येक माणूस आधी म्हणतो, "काय वास आहे हो!" माझ्या कामाबद्दल इतकं मनापासून कुणी कधी बोललेलं नाही. तरी सात-आठ वर्षांपूर्वी मी स्वतःला कलाकार समजायचो. काळा टी-शर्ट घालायचो. गिऱ्हाइकानं "फोन नंबर जरा मोठा करा" म्हटलं की मी डोळे मिटून घ्यायचो.

त्याच तोऱ्यात मला एका शेठचं काम मिळालं. शेठ मुंबईचे, बंगले मळवलीला, पाच. शनिवार-रविवारसाठी भाड्यानं द्यायचे. तोवर सगळं बुकिंग फोनवर चालायचं आणि फोनवर असायच्या विमलमावशी. शेठचं म्हणणं पडलं, जग वेबसाइटवर चाललंय, आपणही जाऊ. मी म्हटलं, चला.

मावशींना मी पहिल्यांदा भेटलो ते त्यांच्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे पहिल्या बंगल्याच्या फाटकाजवळचं जुनं गॅरेज. टेबलावर दोन फोन, एक कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर क्रोशाचं विणलेलं पांढरं झाकण. टीव्हीवर घालायचे तसं. खुर्चीत पन्नाशीच्या, निळी साडी चापून नेसलेल्या, काळा चष्मा लावलेल्या बाई. कोपऱ्यातून कुठूनतरी खरखर, पुटपुट असा भलताच आवाज येत होता.

मी म्हटलं, "मावशी, तुमचा रेडिओ बिघडलाय वाटतं. आणि कॉम्प्युटर बंदच असतो का?"

"चालू हाय की," त्या म्हणाल्या. "बोलतोय न्हवं. तुला ऐकू कमी येतं का?"

तो पुटपुटणारा आवाज म्हणजे त्यांचा कॉम्प्युटर. पडद्यावर जे असेल ते तो वाचून दाखवायचा, आणि मावशींनी त्याचा वेग एवढा वाढवून ठेवला होता की मला त्यातला एक शब्द कळत नव्हता. मावशी जन्मापासून पूर्ण आंधळ्या. 'दृष्टिहीन' म्हणू का 'दिव्यांग' म्हणू म्हणून मी एकदा फार आब राखून विचारलं, तर म्हणाल्या, "आंधळी म्हन, दिव्यांग म्हन, नुसतं विमल म्हन. कामाचं बोल."

त्या मूळच्या बेडशाच्या. पुण्याला अंधशाळेत शिकल्या, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि तळेगावकडच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं फोन जोडले. मग तिथं आपोआप जोडणारी यंत्रणा आली. कारखान्यानं शाल-नारळ दिला. "शाल लय जाड हुती," एवढंच त्या सांगायच्या. लग्न केलं नाही. मळवलीला दोन खोल्यांत एकट्या राहायच्या आणि ह्या गॅरेजातली नोकरी हे त्यांचं सगळं होतं. पगार तर होताच, पण मुख्य म्हणजे सकाळी नऊला फोन उचलायचा हक्क होता. तो गेला असता तर त्यांना बेडशाला भावाच्या घरी जाऊन ओट्यावर बसावं लागलं असतं. भाऊ चांगला होता, भावजय चांगली होती. "पर ओट्यावर बसलेल्या बाईला कुनी फोन करत न्हाई," असं त्या म्हणायच्या.

त्यांचे आवाज दोन होते. फोन उचलला की सदाशिव पेठ. "नमस्कार, आपण कुठून बोलताय? कृपया लाइनवर राहा." फोन ठेवला की बेडसे. "मेला म्हंतो पोहायला गरम पानी हाय का. म्हशीवानी डुंबनार आन पानी गरम पायजे." ऑपरेटरची बोली त्यांच्या रोजच्या बोलण्यातही शिरली होती. चहा गाळताना कुणी मध्ये बोललं की "होल्ड कर." भांडण संपवायचं असलं की "लाइन कट." आणि कुणाचीही चहाडी करायची नाही हा एक कडक नियम. लायनीवर ऐकलेलं लायनीवरच ठेवायचं.

एकदा मी काही न बोलता दारात उभा राहिलो, तर "ये, प्रशांत," म्हणाल्या. मी लगेच भारावलो. म्हटलं, "मावशी, तुम्हाला पावलांवरून माणूस कळतो! निसर्ग एक घेतो तर दुसरं देतो म्हणतात ते खरं आहे."

"कशाचा निसर्ग? चपलेचा पट्टा तुटलाय तुझा. फटफट वाजतीया. शिवून घे."

तर मी साइट बनवली. आता तिच्याविषयी बोलायला मला लाज वाटते, तेव्हा छातीवर हात ठेवून दाखवत फिरायचो. सगळीकडे फोटो, शब्द जवळपास नाहीतच. बटणांवर नावं न लिहिता नाजूक चित्रं. आणि बुकिंगच्या पानावर माझा खास दागिना: कॅलेंडर. हिरवी तारीख म्हणजे रिकामी, लाल म्हणजे भरलेली. किती सोपं! लहान पोरालाही कळेल.

पहिल्या आठवड्यातच फोन आला. मी 'हॅलो' म्हटलं, तर पलीकडून सपाट आवाज, "बटण. बटण. बटण. ग्राफिक. बटण."

"कोण बोलतंय?"

"तुझी साइट बोलतीया. मी नुसती ऐकती."

मग त्यांनी समजावून सांगितलं. साइटवर सोळा बटणं होती आणि एकालाही नाव नव्हतं. "घरात शिरावं तर नुसती दारं, पाटी कशालाच न्हाई. हे ढकललं तर सैपाकघर का संडास, कळायचं कसं?"

"मावशी, प्रत्येकावर छोटं चित्र आहे ना. घर आहे, पाकीट आहे, भिंग आहे..."

"व्हय का? छान दिसत्यात?"

"खूपच छान."

"सांगितलंस ते बरं केलंस. आन ते कॅलेंडर. ते मला नुसतं एक, दोन, तीन, चार म्हनून दाखवतं. शाळंत गेल्यागत वाटतं. तारीख भरली का रिकामी हे कुटं हाय?"

आणि मी, शिकलासवरलेला माणूस, म्हणालो, "अहो मावशी, रंग बघा ना."

मग सदाशिव पेठेच्या आवाजात, "कृपया लाइनवर राहा." आणि अकरा मिनिटं त्यांनी मला होल्डवर ठेवलं. फोन ठेवायची माझी छाती झाली नाही. अकरा मिनिटांनी त्या परत आल्या आणि म्हणाल्या, "काय बटण, हायस का?" तेव्हापासून मी बटण.

मी म्हटलं, करतो, पुढच्या व्हर्जनमध्ये करतो. आमच्या धंद्यात ह्याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. पण तेवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला. दुसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन मी त्यांना कायदा शिकवला. म्हटलं, "मावशी, तुमच्यासाठी कायदा आहे, मला माहीत आहे. पण तो इमारतींना लागतो. रॅम्प पाहिजे, लिफ्ट पाहिजे, संडासात धरायला दांडा पाहिजे. वेबसाइट ही काही जागा नाही. तिथं कुणी जात नाही, येत नाही."

मावशी शेंगा सोलत होत्या. त्या थांबल्या.

"जागा न्हाई?"

"नाही."

"मग तुमी तिला साइट का म्हंता?"

मी सोललेल्यांतला एक दाणा तोंडात टाकला.

"माझा भाऊ रोज साइटवर जातो," मावशी म्हणाल्या. "गवंड्याच्या हाताखाली. तितं इमारत बांधत्यात. तू पन साइट बांधतोस. पाया हाय, पानं हायत, लोकं येत्यात, बुकिंग करत्यात, माझी नोकरी पन आता तितंच हलवली शेठनी. साइट म्हंजी जागाच की. आन जागा असंल तर मला आत यायला दार पायजे. कायदा तुझा तूच बघ."

नंतर, फार नंतर, मी तो कायदा उघडून वाचला. त्यात नुसते जिने नव्हते. माहिती, कॉम्प्युटर, सगळं होतं. पण त्या वेळी मला कायदा वाचायची सवय नव्हती, सांगायचीच होती.

त्या दिवशी मी उठताना त्या म्हणाल्या, "एक मातुर हाय. तुझे फोटो लय खरं बोलत्यात." आणि शेंगा तोंडावर धरून हसायला लागल्या.

मी उठता उठता परत बसलो. हे नीट सांगितलं पाहिजे. वेबसाइटवर फोटो टाकला की त्याच्यामागं एक ओळ लिहायची सोय असते, ह्या फोटोत काय आहे ते. बघणाऱ्याला ती दिसत नाही. ती कुणासाठी असते ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. ती मोकळी ठेवली तर माझं सॉफ्टवेअर कटकट करायचं, म्हणून मी मनात येईल ते लिहायचो. शेठनं दिवसभर छळलं की संध्याकाळी तिथं राग काढायचो. पोहण्याच्या तलावाच्या फोटोमागं लिहिलं होतं, "पाणी हिरवं आहे, मी निळं केलंय." तिसऱ्या बंगल्याच्या बेडरूममागं, "हीच खोली पुन्हा, खुर्चीवर चढून काढलेली." चुलीवरच्या जेवणामागं, "चूल फोटोपुरती, खाली गॅस." आणि पहिल्या पानावर शेठचा हसरा फोटो होता, त्यामागं लिहिलं होतं, "टकलू शेठ. डोक्यावरची चमक काढायला दोन तास गेले."

जगात कुणालाच न दिसणारी जागा म्हणून मी ते लिहिलं, आणि तीच जागा ज्यांना ऐकू येते त्यांच्याच समोर बसून मी कायदा सांगत होतो. (ता. क.: आता माझ्याही डोक्याला चमक आली आहे. दोन तासांत भागणार नाही.)

"मावशी, शेठला सांगाल का हो?" मी विचारलं.

"मी? लायनीवर ऐकलेलं मी सांगत न्हाई." मग सावकाश, "पर कॅलेंडरचं कर बाबा. एखाद दिवशी घोळ हुईल."

मी घरी गेलो, शेठच्या फोटोमागची ओळ काढायची ठरवली, आणि त्याच दिवशी एका चिक्कीवाल्याचं नवं काम आलं. ओळ राहिली. कॅलेंडरही राहिलं.

पुढच्याच महिन्यात घोळ झाला. चौदा तारीख, शनिवार, दोन नंबरचा बंगला. साइटवरून एका कुटुंबानं साठीशांतीसाठी तो घेतला होता. कॅलेंडरात चौदा लालभडक झाली होती. मावशींना फोनवर पुण्याच्या एका ऑफिसची पार्टी आली. मावशींनी कॅलेंडरला विचारलं, कॅलेंडर म्हणालं, "चौदा." मावशींनी साइटवरचं बुकिंग सांभाळणाऱ्या शेठच्या माणसाला फोन करून खात्री करून घ्यायचा प्रयत्न केला, त्यानं उचलला नाही, आणि पार्टी तर लगेच उत्तर मागत होती. त्यांनी बुकिंग घेतलं.

शनिवारी सकाळी मी तिथंच होतो, नवे फोटो काढायला. तलावाच्या काठावर गुरुजी विटा मांडून होमाची तयारी करत होते, आजोबा सोवळं नेसून पाटावर बसले होते, आणि फाटकातून पंचवीस तरुण माणसं शिरली. त्यांतल्या दोघांनी कपाटाएवढा स्पीकर धरला होता. एकानं चड्डीवर थेट तलावात उडी मारली. होमाच्या समिधा भिजल्या. गुरुजींनी जे म्हटलं ते कुठल्याही वेदात नाही.

मावशी गॅरेजातून काठी टेकत आल्या, दोन्हीकडचा आरडाओरडा ऐकला, म्हणाल्या, "होल्ड करा," आणि परत जाऊन फोनवर बसल्या. आसपासच्या बंगल्यांचे नंबर त्यांना तोंडपाठ होते. चहा उकळायला लागतो तेवढ्या वेळात त्यांनी पार्टीला भाजे गावाजवळ दुसरा बंगला मिळवून दिला, स्पीकरसकट. गुरुजींना कोरड्या समिधा मिळाल्या. पण शेठला कुणीतरी फोन केला होताच. शेठ स्पीकरफोनवर ओरडले, आणि ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं: "अंधी औरत को बिठाया तो यही होगा! उद्या मी येतो. बाई, तुमचा हिसाब उद्याच करून टाकू."

मी तिथंच उभा होतो. हातात कॅमेरा. चूक कुणाची ते त्या आवारात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. तो माणूस काय बोलला? काही नाही. त्यानं एक गुलमोहराचा फोटो काढला. हे लिहितानाही मला स्वतःच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटते.

रविवारी सकाळी शेठच्या आधी मी गॅरेजात पोचलो. सांत्वन करायला, म्हणजे सांत्वन करून लवकर निघून जायला. मावशींनी टेबलाचा खण उघडला आणि एक जाड पिवळट कागद माझ्या हातात दिला. त्यावर एक अक्षर नव्हतं. नुसती उठलेली टिंबं, ओळीनं टोचलेली.

"काय आहे हे?"

"वाच."

"मावशी, ही टिंबं आहेत."

"व्हय. रंग न्हाईत, टिंबं हायत. हात लावला तर कळत्यात."

"मला हे वाचता येत नाही."

"मग कर की," मावशी म्हणाल्या, "पुढच्या व्हर्जनमधी." आणि थोड्या वेळानं, "तक्रार कुटं करायची ते मला चांगलं ठाऊक हाय, बटण. हे तुझ्याजवळ ठेव."

ही तक्रारीचीच प्रत, दुसरं काय असणार. माझं नाव त्या टिंबांत कुठंतरी होतं आणि मला ते सापडत नव्हतं. मी कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. घडी घालून खिशात ठेवावा तर टिंबं दबतील, आणि टिंबं दबली तर पुरावा नष्ट केला असं होईल. म्हणून शेठ आले तेव्हा मी तो कागद आरतीच्या तबकासारखा दोन्ही हातांवर धरून उभा होतो.

शेठ वाईट माणूस नव्हते. त्यांना घाई होती. म्हणाले, "बाई, मला पण वाईट वाटतं. पण मी तुमच्या लोकांसाठी काय नाही केलं? पाचही बंगल्यांना रॅम्प बांधला. कायद्यात आहे म्हणून बांधला."

"रॅम्प चांगला हाय, शेठ," मावशी म्हणाल्या. "पर मी त्याच्यावरनं कशाला जाऊ? माझे पाय धडधाकट हायत. माझी अडचन ह्या मशिनीत हाय. घटकाभर ऐकता का? मग मी जाती."

त्यांनी पडद्यावरचं क्रोशाचं झाकण काढलं, शेठच्या सोयीसाठी. आवाज मोठा केला आणि वेग कमी केला. माझी साइट उघडली, पहिलं पान. बोट कीबोर्डच्या बटणावर ठेवलं.

"बटण," कॉम्प्युटर म्हणाला. बोट दाबलं. "बटण." दाबलं. "बटण. ग्राफिक. पाणी हिरवं आहे, मी निळं केलंय."

"क्या?" शेठ म्हणाले.

"बटण. बटण."

पहिल्या पानावर कशानंतर काय येतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? तलाव झाला. पुढं काही बटणं. मग शेठ. हसरे शेठ, आणि हसऱ्या शेठमागची ती ओळ. मावशींचं बोट शांतपणे खालीवर होत होतं. "बटण." माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. "बटण."

"चूक माझी आहे!" मी ओरडलो. खरंच ओरडलो, बाहेरचा माळी आत डोकावला. "शेठ, चूक माझी आहे. कॅलेंडर रंगानं सांगतं, ह्यांना ते ऐकू येत नाही. ह्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, मी केलं नाही. काल मी इथंच होतो आणि गप्प बसलो. ह्यांना काढू नका. मला काढा."

मावशींचं बोट थांबलं. त्यांनी आवाज बंद केला आणि पडद्यावर झाकण घातलं.

शेठ मला जे बोलले ते मी इथं लिहीत नाही, गुरुजींइतकंच समजा. शेवटी म्हणाले, "एक महिना. साइट बाईंना चालली पाहिजे. नाही चालली तर दोघंही घरी." आणि गाडीत बसताना, "ते हिरवं पाणी काय भानगड आहे?" मी म्हटलं, "क्लोरीन संपलंय शेठ." ते तर खरंच होतं.

गाडी गेल्यावर मी खाली बसलो. म्हटलं, "मावशी, तुम्ही म्हणाला होता, सांगणार नाही."

"मी कुटं सांगत हुते? मशीन सांगनार हुतं." मग हसू दाबत म्हणाल्या, "आजून दोन बटनं बाकी हुती. लई लवकर वरडलास."

तो महिना मी गॅरेजात काढला. पहिल्या दिवशी मावशींनी मला खुर्चीत बसवलं, पडद्यावर झाकण घातलं आणि म्हणाल्या, "तुझीच साइट. तीन नंबरचा बंगला बुक करून दाव." मी बांधलेल्या घरात मला दार सापडेना. पाऊण तासात मी स्वतःलाच चार चौकशा पाठवल्या, आणि कुठलंतरी बिननावाचं बटण दाबून बंगला नंबर पाचच साइटवरून उडवून टाकला. मावशी शेजारी शेंगा सोलत होत्या. "रंग बघ ना," त्या म्हणाल्या.

एका दुपारी चहा पिताना त्यांनी बेडशाच्या लेण्यांची गोष्ट सांगितली. लहानपणी वडील त्यांना वर घेऊन गेले होते. तिथं दगडात कोरलेली जुनी अक्षरं आहेत. वडिलांनी खांद्यावर उचलून त्यांचा हात त्यावरून फिरवला. "मी इचारलं, काय लिवलंय? बाबा म्हनले, आपल्या गावात कुनालाच वाचता येत न्हाई, डोळेवाल्यांना पन न्हाई. तवा मला लय बरं वाटलं."

मी एकेका बटणाला नाव दिलं. फोटोमागच्या ओळी नव्यानं लिहिल्या. मावशींचा आग्रह, "शेठचा तेवढा काढ, बाकी खरं हाय, ऱ्हाऊ दे." म्हणून आजही त्या तलावाच्या फोटोमागं, जरा सभ्य शब्दांत का होईना, पाणी हिरवट असल्याचं लिहिलेलं आहे. आंधळ्या माणसाला मळवलीतल्या बंगल्यांची जितकी खरी माहिती आहे तितकी डोळसाला नाही.

कॅलेंडर शेवटी झालं. महिना संपायला दोन दिवस होते. मावशींनी बोट ठेवलं आणि कॉम्प्युटर म्हणाला, "चौदा, शनिवार, बंगला दोन, रिकामा." त्यांनी परत दाबलं. "चौदा, शनिवार, बंगला दोन, रिकामा." तिसऱ्यांदा दाबलं. मग चष्मा काढून पदरानं डोळे पुसले. मला फार वाटलं की काहीतरी बोलावं. मी बोललो, "मावशी, शनिवारी तो रिकामा कसा काय?" "गप," त्या म्हणाल्या.

त्यानंतर सहा वर्षं नऊच्या ठोक्याला फोन त्यांनीच उचलला. एकदा पुण्याच्या एका अंध जोडप्यानं कुणालाही न विचारता साइटवरून बंगला बुक केला. मावशी दिवसभर त्याच आनंदात आणि त्याच रागात होत्या. "एक फोन करायला काय हुतं ह्यांना!"

तो टिंबांचा कागद? तो माझ्या कपाटात, वॉरंटी कार्डांखाली. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा तर तो माणूस माझी तक्रार वाचणार. सहा वर्षं मी तो कुणाला दाखवला नाही. पण नवीन काम हातात घेतलं, बटणाला नाव द्यायचा कंटाळा आला, की कपाटाकडं नजर जायची आणि मी मुकाट नाव लिहायचो. वेबसाइटला कायदा लागावा का, असं हल्ली कुणी कुणी मला विचारतात. इतरांचं मला माहीत नाही. मला तो न वाचताच लागला.

पुढं मावशींना साखरेच्या आजारानं घेरलं. पायांची बोटं बधिर झाली, मग हातांची. बटणावर बोट आहे का नाही ते कळेना. त्या स्वतःच शेठला म्हणाल्या, "लाइन कट," आणि बेडशाला भावाकडे गेल्या.

त्याच पावसाळ्यात मला शहाणपण सुचलं. ती टिंबं बोटांनी वाचतात म्हणून डोळ्यांनी वाचता येत नाहीत असं थोडंच आहे? मराठी ब्रेलचा तक्ता शोधून काढला. कुणी तरी फोटो म्हणून साइटवर टाकला होता, आणि फोटोमागं ओळ नव्हती, म्हणजे आंधळ्याला ब्रेलचा तक्ता मिळायची सोय नाही. आम्ही सगळे एकाच माळेचे मणी. तीन आठवडे अक्षरं घोकली आणि कागद घेऊन बेडशाला गेलो. त्यांच्या आधी वाचायचा नाही असं ठरवलं होतं. भित्रेपणाच तो, पण मी त्याला आदर म्हणत होतो.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. पायरीवर पाय ठेवला तशा म्हणाल्या, "चप्पल नवी घेतलीस."

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली, परत फिरवली, आणि मान हलवली. "बोटं आंधळी झाली बाबा. कोरा लागतोय. तूच वाच."

मी वाचायला लागलो. पहिलीच्या मुलासारखं, एकेक अक्षर. "बि... न... ना... बिननावाचं... बटण." मावशी हसल्या. पुढं फारसं नव्हतं, सगळं मिळून साडेतीन ओळी. तक्रार नव्हतीच. फोटोमागं लिहितात तशी ओळ होती, जणू माझा फोटो कुठं लावायचा होता आणि त्यामागं काय लिहावं हे त्यांनी त्या शनिवारी रात्रभर जागून ठरवलं होतं:

"बिननावाचं बटण. आवाज घाबरट. चप्पल तुटकी. पन दाबलं तर चालंल."

म्हणजे रविवारी शेठ यायच्या आधी, मी तोंड उघडायच्या आधी, नोकरी जाणार की राहणार हे माहीत नसताना त्यांनी हे टोचून ठेवलं होतं. आणि मग शेठसमोर बसून त्यांनी तेच बटण दाबलं.

मला पुढं काही दिसेना. डोळे असून दिसेना, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मावशींनी चाचपडत कागद परत घेतला आणि छातीशी धरला. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. दिवाळीच्या आधीच त्या गेल्या. मला दिसतात त्या अशाच, ओट्यावर, कोरा लागणारा कागद धरून, मान माझ्या आवाजाकडं वळवून.

"बरूबर लिवलं हुतं का रं?" त्यांनी विचारलं.

"बरोबर होतं, मावशी," मी म्हणालो. "फक्त अजून दाबावं लागतं."